पिष्ट नको, अंडंही नको: मग न्याहारीला करायचं काय?

सांगली-साताऱ्याकडं सकाळचं खाणं म्हणजे पोहे, उप्पीट, शिरा, इडली, मिसळ-पाव, नाहीतर रात्रीची भाकरी दुधात कुस्करून. उपास असेल तर साबुदाणा किंवा वरी. गडबड असेल तर मूठभर भडंग. यातला एकही पदार्थ पिष्टाशिवाय, म्हणजे स्टार्चशिवाय, होत नाही. त्यामुळं डॉक्टरांनी पिष्ट बंद करायला सांगितलं की बरीच घरं अंड्याकडं वळतात. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे किंवा जे अंडं खात नाहीत, त्यांच्यापुढं मात्र रिकामं ताट उरतं.

अडचण नेमकी कुठं आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या कृती पाठ कराव्या लागणार नाहीत. स्वयंपाकघरात पिष्ट आणि अंडं हे दोघं तीच दोन कामं करतात. पीठ बांधून ठेवायचं आणि पोट धरून ठेवायचं. म्हणून बिनअंड्याच्या केकात मैद्याबरोबर कॉर्नफ्लोअर येतं आणि व्हेज मेयोनीजमध्ये बऱ्याचदा अंड्याच्या जागी स्टार्च असतो. उलट धान्य टाळणाऱ्यांच्या पाककृती बघा, तिथं दर दुसऱ्या पदार्थात दोन अंडी फोडलेली असतात. दोन्ही एकदम काढलं की ही कामं वेगवेगळ्या माणसांना वाटून द्यावी लागतात. बांधायला जवस, इसबगोल आणि पनीर. पोट धरायला पनीर, चक्का, शेंगदाणे, तीळ, खोबरं. आणि ताट भरायला माळवं, म्हणजे भाज्या. रोजच्या न्याहारीत या तिन्ही गटांतलं काहीतरी आहे ना, एवढं बघायचं.

सुरू करण्याआधी

पिष्ट टाळण्याची कारणं सगळ्यांची सारखी नसतात. कुणाला मधुमेह असतो, कुणाला पिष्ट पचत नाही, तर मणक्याचा संधिवात असलेले काही रुग्ण पिष्ट कमी करून बघतात. आपलं कारण कोणतं त्यावर किती काटेकोर राहायचं ते ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना न सांगता करू नका. डोस तोच आणि न्याहारीतले पोहे बंद, असं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी ही त्याची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर धोका वेगळा आहे. कर्बोदकं फार कमी झाली तर रक्तात आम्ल (कीटोन) साठू शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी पनीर, सोयाबीन, शेंगदाणे किती खायचे हे विचारूनच ठरवावं.

पिष्ट लपतं कुठं

भात, चपाती, भाकरी बंद हे सगळ्यांना कळतं. चुका पुढच्या ओळीत होतात. बेसन म्हणजे डाळ, आणि डाळ म्हणजे प्रथिनं, म्हणून झुणका आणि धिरडी बिनधास्त खाल्ली जातात. पण हरभरा, मूग, मटकी, तूर, उडीद या सगळ्यांत पिष्ट भरपूर असतं. मोड आल्यावर ते थोडं कमी होतं, संपत नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा कितीही चवदार असला तरी त्यातही आहे. कडधान्यांत सोयाबीन तेवढं वेगळं. त्यात पिष्ट जवळजवळ नसतं.

उपासाच्या पदार्थांचा घोटाळा तर हमखास होतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळं, बटाटा हीसुद्धा त्याच घरची मंडळी. नाचणीची आंबील पचायला हलकी असली तरी पिष्टाचीच. मेतकूट डाळ-तांदळाचं. कच्चं केळं पिष्टानं भरलेलं असतं, पिकत जाईल तसं त्याचं साखरेत रूपांतर होतं. सुक्या मेव्यात काजू सांभाळा, त्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर पिष्ट असतं. बदामात नावापुरतं. शेंगदाण्यात थोडं असतं. बहुतेकांना ते चालतं, पण ज्यांना अगदी काटेकोर पाळायचं आहे त्यांनी पुढच्या कृतींत कुटाच्या जागी तीळ किंवा बदाम घ्यावेत.

आणखी काही चोरवाटा आहेत. डबीतला हिंग हा बहुधा बांधणी हिंग असतो, म्हणजे डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेला. खडा हिंग घ्या, नाहीतर हिंग सोडूनच द्या. विकतच्या शेंगदाणा-लसूण चटणीत फुटाण्याची डाळ घातलेली असू शकते. आपली चटणी, म्हणजे घरचा कांदा-लसूण मसाला, मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ यांचाच असेल तर चालतो. विकतचा असेल तर घटक वाचा. रश्श्याला दाटपणा आणायला येसर किंवा भाजलेल्या डाळीचं पीठ लावलेलं नाही ना तेही बघा. बेकिंग पावडर, कस्टर्ड पावडर, पिठीसाखर, फळाचं दही, चीज स्प्रेड या पाकिटांवर 'स्टार्च', 'मॉडिफाइड स्टार्च', 'माल्टोडेक्स्ट्रिन' हे शब्द शोधायचे. औषधाच्या गोळ्यांतही पिष्ट असतं, पण त्यापायी गोळी मनानं बंद करू नका.

माळव्यातलं बिनघोर काय? फ्लॉवर, कोबी, दुधी, दोडका, पडवळ, काकडी, मुळा, वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, भेंडी, अळिंबी आणि झाडून सगळ्या पालेभाज्या. बटाटा, रताळं, सुरण, अळकुड्या, मटार, मका वर्ज्य.

आयोडीनची परीक्षा

मेडिकलमध्ये टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली मिळते. एकदा आणून ठेवाच. पनीर, दही, खवा यांत भेसळ म्हणून पिष्ट मिसळलं जातं, आणि पिष्ट टाळणाऱ्या माणसानं रोज भेसळीचं पनीर खाल्लं तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

पनीरचा छोटा तुकडा चमचाभर पाण्यात उकळा. पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम असताना रंग उमटत नाही. मग आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पाणी पिवळसर-तपकिरी राहिलं तर पनीर ठीक आहे. निळं-काळं झालं तर पिष्ट आहे. शेजारी बटाट्याची एक चकती ठेवून तिच्यावरही थेंब टाका, म्हणजे काळा रंग कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. बटाट्यावर थेंब पडल्या पडल्या शाई सांडल्यासारखा डाग पसरतो. फ्लॉवरच्या तुऱ्यावर तोच थेंब तपकिरी राहतो. शेंगदाण्याच्या कुटावर किंचित काळसर छटा दिसेल, ते त्यातलं अंगचं पिष्ट.

दोन गोष्टी फसवतात. हळद घातलेल्या पदार्थावर रंग नीट कळत नाही, आणि लिंबू पिळलेलं असेल तर आयोडीनचा रंगच उडतो. म्हणून परीक्षा कोऱ्या जिनसांवर करा, शिजवलेल्या पदार्थावर नको. तपासलेला तुकडा टाकून द्यायचा, आणि बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवायची.

आठवड्याची तयारी

सकाळी सहाला उठून जवस भाजणं कुणाला जमत नाही. ही कामं रविवारी उरकून ठेवा.

जवस पाव किलो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत भाजा, साधारण पाच-सहा मिनिटं. रंग बदलायची वाट बघू नका, जवस मुळातच तांबूस असतो आणि जळलेला कळत नाही. कडवट वास आला की गेला. गार झाल्यावर बारीक दळा. ही पूड फ्रीजमध्ये घट्ट डब्यात ठेवायची आणि आठ-दहा दिवसांत संपवायची. बाहेर राहिली की तेल खवट होतं.

शेंगदाणे अर्धा किलो भाजून, फोलं काढून कूट. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. तीळ आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजून ठेवा. कारळ्याची किंवा जवसाची चटणी वाटीभर करा. एक वाटी कारळे, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ, बस्स. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा गावच्या आठवडी बाजारात जवस, कारळे, तीळ सुटे मिळतात. नखात दाबून वास घ्या, मगच वजन करायला सांगा.

इसबगोल म्हणजे सत इसबगोल, भुसा. चव लावलेली, साखर घातलेली पावडर नको.

पनीर घरीच

या न्याहारीचा कणा पनीर आहे. म्हशीचं दूध आपल्याकडं मुबलक आहे, तर विकतच्या पनीरवर अवलंबून राहायचं कारण नाही.

एक लिटर म्हशीचं दूध उकळा, गॅस बंद करा आणि तीन-चार मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. पळी गरगर फिरवायची नाही, कडेकडेनं हळू ओढायची. चोथा वेगळा होऊन खालची निवळी हिरवट-पिवळी आणि आरपार दिसली की थांबा. निवळी दुधाळ असेल तर आणखी चमचाभर रस. फडक्यात गाळून वरून दोनदा गार पाणी घाला, म्हणजे आंबटपणा जातो. भुर्जीसाठी हवं असेल तर दहा मिनिटं टांगून पुरे. तुकडे पाडायचे असतील तर गाठोडं परातीत ठेवून वर दोन किलोचं वजन अर्धा तास. लिटरमागं साधारण दोनशे ग्रॅम पनीर निघतं, गाईच्या दुधाचं कमी.

पनीर रबरासारखं झालं तर दूध फाटल्यावरही गॅस चालू होता असं समजा. भुसभुशीत आणि आंबट झालं तर रस जास्त पडला किंवा धुवायचं राहिलं. निवळी फेकू नका, भाजी शिजवायला वापरा. तिच्यात दुधातली साखर असते, पिष्ट नसतं.

माणशी शंभर ग्रॅम पनीर धरा, त्यातून सुमारे अठरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पनीर भुर्जी दहा मिनिटांची. चमचाभर तेलात जिरं, एक कांदा, हिरवी मिरची, एक टोमॅटो, पाव चमचा हळद, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून कडेला तेल दिसलं पाहिजे. मगच पनीर कुस्करून घाला आणि दोन मिनिटांत उतरवा. पनीर आधी घालून परतत राहिलं की वातड होतं. पाणी न आटवता घातलं की भुर्जीची पातळ आमटी होते.

दुधीचं थालीपीठ, भाजणीशिवाय

दोघांसाठी चार लहान थालीपीठं. पाव किलो दुधी किसा, पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. पिळल्यावर कीस वाटी-दीड वाटी राहतो. त्यात अर्धी वाटी दाण्याचं कूट, पन्नास ग्रॅम कुस्करलेलं पनीर, तीन मोठे चमचे जवसाची पूड, दोन मोठे चमचे भरडलेले तीळ, दोन लहान चमचे इसबगोल, मिरची-लसणाचा खर्डा, ओवा, कोथिंबीर. मीठ चाखून. पाणी घालायचं नाही.

मळून दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं वगळली की थालीपीठ मोडलंच म्हणून समजा, कारण जवस आणि इसबगोल ओल शोषून चिकट झाल्याशिवाय बांधत नाहीत. आधी गोळा ओलसर, हाताला लागणारा असतो. दहा मिनिटांनी बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो आणि बोट कोरडं निघतं. तसं झालं नाही तर आणखी एक चमचा जवसाची पूड.

ओल्या फडक्यावर किंवा दुधाच्या कापलेल्या पिशवीवर थापा. तळहाताएवढंच, अर्धं बोट जाड. भाजणीचं थालीपीठ ताटाएवढं होतं, हे तेवढं पेलत नाही. मधे भोक पाडा. तापलेल्या लोखंडी तव्यावर तेल सोडून टाका आणि लगेच आच मंद करा. झाकण ठेवून पाच मिनिटं हात लावू नका. कडा सुटून आपोआप सरकायला लागलं की उलथणं घाला. दुसरी बाजू झाकण न ठेवता तीन मिनिटं.

तव्याला चिकटलं तर दुधी नीट पिळला नव्हता किंवा तवा पुरता तापला नव्हता. वरून काळं आणि आत कच्चं राहिलं तर आच मोठी होती. कूट फार लवकर करपतं. दुधीच्या जागी कोबी, मुळा, मेथी चालते. मेथी पिळायची गरज नाही, पण मग पनीर थोडं वाढवा. वर घरच्या लोण्याचा गोळा आणि खर्डा.

फ्लॉवरचे पोहे

चारशे ग्रॅम फ्लॉवर, दोघांसाठी. तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, अळ्या असल्या तर वर येतात. मग फडक्यावर पसरून खरोखर कोरडे करा. शक्यतो हे रात्रीच करून ठेवावं. किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा, दांडासुद्धा. मिक्सरला लावलात तर लगदा होतो.

पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरची, मूठभर शेंगदाणे, एक कांदा, हळद. कांदा मऊ झाला की कीस घालून मोठ्या-मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परता. झाकण ठेवायचं नाही, कारण वाफ धरली की पोह्यांची भाजी होते. मीठही शेवटी, आधी घातलं की फ्लॉवर पाणी सोडतो. उतरवून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. वर शेव नको, ती बेसनाची.

नवखे इथं एक चूक करतात. वाटीभर फ्लॉवरचे पोहे खाऊन उठतात आणि साडेदहाला भुकेनं बिस्किटांचा पुडा फोडतात. फ्लॉवरनं ताट भरतं, पोट धरत नाही. शेवटच्या मिनिटाला पनीरचे चौकोनी तुकडे घाला किंवा बाजूला चक्का घ्या. हाच कीस, आलं आणि काजूऐवजी बदामाचे काप घालून, तुपातल्या फोडणीवर उप्पिटासारखा करता येतो.

जवसाची भाकरी

कशाला तरी लावून खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, ही तक्रार दर घरात येते. तिच्यासाठी ही भाकरी.

एक वाटी (सुमारे शंभर ग्रॅम) बारीक जवस पूड, चवीला मीठ, चिमूटभर ओवा. त्यावर पाऊण वाटीला थोडं कमी, खळखळ उकळतं पाणी ओतून चमच्यानं ढवळा आणि पाच मिनिटं झाका. पाणी उकळतंच हवं. कोमट पाण्यानं गोळा होतो, पण लाटताना चिरा पडतात. तेलाच्या हातानं मळून चार गोळे करा. दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे तेल लावून घ्या, मधे गोळा ठेवून हलक्या हातानं लाटा. परातीत थापायला जाऊ नका, थापली जात नाही. मध्यम तव्यावर एकेक बाजू दीड-दोन मिनिटं. फुगणार नाही. ज्वारीच्या भाकरीसारखी पापडी सुटेल अशी अपेक्षा ठेवली की उगाच निराशा होते. मऊ, लवचीक, थोडी तेलकट, ही तिची तऱ्हा. पूड भरड असेल तर कडा तुटतात, तेव्हा चाळून घ्या.

पहिला आठवडा दिवसाला एकच भाकरी. एकीत सुमारे सात ग्रॅम चोथा (तंतुमय भाग) असतो. सवय नसताना तीन खाल्ल्या की पोट फुगतं. बरोबर पाणी भरपूर. हेच इसबगोलालाही लागू आहे. ते कधी कोरडं खाऊ नका, आणि औषधाच्या गोळ्या त्याच्या आगेमागे दोन तासांचं अंतर ठेवून घ्या.

सोबत वांग्याचं भरीत करा. कृष्णाकाठची भरताची वांगी थंडीत उत्तम मिळतात. तेलाचा हात लावून, दोन ठिकाणी टोचून गॅसवर भाजा, ताटाखाली दहा मिनिटं झाका म्हणजे साल अलगद निघते. कच्चा कांदा, मिरची, कूट, दही. भरीत रात्रीचं असलं तरी चालतं, फक्त दही सकाळी घाला.

झटपट प्रकार

चक्का: लिटरभर दुधाचं दही रात्री फडक्यात बांधून फ्रीजमध्ये, चाळणीवर ठेवा. सकाळी चारशे ग्रॅमच्या आसपास घट्ट चक्का तयार. दीडशे ग्रॅम चक्क्यात पिळलेली काकडी, दोन चमचे जवसाची चटणी, वर फोडणी. गोडाकडं ओढा असेल तर डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि भरडलेले बदाम. साखर, गूळ, काकवी यांत पिष्ट नसतं, तरी मधुमेह्यांनी त्या वाटेला जायचं नाही.

शेंगदाण्याची आमटी उपासालाच का? वाटीभर भाजक्या दाण्यांचं कूट दोन वाट्या पाण्यात गुळगुळीत वाटा, तुपात जिरं-मिरचीची फोडणी, दोन आमसुलं, मीठ. मंद आचेवर पाच मिनिटं. मोठ्या आचेवर खळखळवली की फुटते, तेल वर तरंगतं. तिघांना पुरते. वरीवर ओतायची नाही, वाटीत पनीर किंवा उकडलेल्या दुधीच्या फोडी घालून प्यायची.

सोयाबीनचे घावन थोडे खटपटीचे, पण दूध न चालणाऱ्यांसाठी तेच खरे आधार आहेत. शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं शिजवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो, आणि उग्र वासही मारला जातो. साल चोळून काढा, आलं-मिरची घालून बारीक वाटा. उकळलेलं असल्यानं ते आपोआप बांधत नाही, म्हणून दोन चमचे जवस पूड, एक चमचा इसबगोल घालून दहा मिनिटं ठेवा. पुरीएवढेच घाला, मंद आचेवर, झाकण ठेवून.

मांसाहार चालत असेल तर रात्रीचं सुकं मटण किंवा खिमा सकाळी गरम करून जवसाच्या भाकरीशी उत्तम. खिम्यात मटार आणि बटाटा तेवढा टाळा.

बाहेर पडल्यावर

डब्यात खारे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, बदाम, पनीरचे तुकडे. तिखट मसाला शेंगदाणे बेसनात घोळलेले असतात. हॉटेलात पनीर चिली मागवू नका, त्यात कॉर्नफ्लोअर. पनीर पकोडा बेसनाचा. साधं तव्यावरचं पनीर, ताक, काकडी-टोमॅटो, दही हे जवळपास कुठंही मिळतं. भाजी घ्यायचीच असेल तर "ग्रेव्हीला काय लावलंय?" हा प्रश्न सरळ विचारा.

पहिले दहा दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं जड होणं, गळल्यासारखं वाटणं हे बऱ्याच जणांना होतं. पाणी कमी पडलं की जास्तच. रक्तदाबासाठी मीठ बंद नसेल तर सकाळी मीठ-जिऱ्याचं ताक घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर असं वाटताच आधी साखर तपासा. शौचाला घट्ट होत असेल तर पनीर कमी नका करू, माळवं आणि पाणी वाढवा.

सुरुवातीला आठवडाभर दोनच पदार्थ आलटून पालटून करा, भुर्जी आणि फ्लॉवरचे पोहे. हात बसला की थालीपीठ, मग भाकरी. पहिल्याच दिवशी जवसाची भाकरी करायला घेतली आणि ती तुटली की माणूस परत उप्पिटाकडं वळतो.

घरात बाकीच्यांसाठी पोहे-उप्पीट होणारच. फोडणी एकच करा, मोठी. कांदा शिजला की निम्मी दुसऱ्या कढईत काढा आणि तिच्यात फ्लॉवरचा कीस घाला, दहा मिनिटांत दोन्ही न्याहाऱ्या तयार. उलथणं मात्र दोन ठेवा. अंड्याची ॲलर्जी असेल तर आम्लेटचा तवा आणि थालीपिठाचा तवाही वेगळा.